मामाचे सोळा आवाज आणि नऊ व्होल्टचा अडॅप्टर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

प्रस्तुत लेखक जळगावात ध्वनियंत्रणा आणि वाद्यांची दुरुस्ती करतो. पुढील प्रकरणातील माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि गावाचा उल्लेख केवळ ‘अमळनेर तालुक्यातील एक गाव’ एवढाच ठेवला आहे. मोजमापे आणि घटनाक्रम मात्र जसाच्या तसा आहे.

वाद्य होते कॅसिओचा सीझेड-१०१, म्हणजे १९८४ साली आलेला छोटेखानी सिंथेसायझर. त्याला ४९ बारीक पट्ट्या असतात आणि गळ्यात अडकवून वाजवता यावे म्हणून दोन्ही टोकांना गळपट्टा अडकवण्याची बटणे असतात. आवाज घडवण्याची त्याची रीत ‘फेज डिस्टॉर्शन’ या नावाने ओळखली जाते. यंत्रात कारखान्याने भरलेले सोळा आवाज कायमचे असतात. त्याशिवाय वादकाने स्वतः घडवलेले आणखी सोळा आवाज साठवता येतात. हे दुसरे सोळा आवाजच या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहेत.

ते आमच्याकडे घेऊन आलेल्या वादकाच्या मामांचे हे वाद्य. खानदेशातून सुरतेला गेलेल्या असंख्य कुटुंबांप्रमाणे हे मामाही दिवसा कापडाच्या कामात आणि रात्री ऑर्केस्ट्रात असत. त्यांनी अनेक वर्षे खपून सनई, बासरी, पावरी यांच्या जवळ जाणारे आवाज यंत्रात घडवले होते आणि यंत्राच्या कडेला चिकटपट्टीवर बॉलपेनने त्यांची यादी लिहून ठेवली होती : ‘जाड सनई’, ‘बारीक सनई’, ‘पावरी’, ‘रोट’. रोट म्हणजे खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवातला प्रसाद. त्या नावाचा आवाज नेमका कशासाठी घडवला असावा, हे तो ऐकल्यावर लगेच कळते. मामा वारल्यानंतर वाद्य बहिणीकडे, म्हणजे वादकाच्या आईकडे आले. घर बदलण्याच्या गडबडीत त्याचा अडॅप्टर मात्र हरवला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. वादक आमच्याकडे आला तेव्हा त्या रविवारला अकरा दिवस राहिले होते आणि रात्रीच्या गाण्यांना मामांचेच आवाज वाजवायचे, असे घरात ठरलेले होते.

समस्या

वरवर पाहता प्रश्न साधा होता : हरवलेल्या अडॅप्टरच्या जागी दुसरा मिळवणे. वादकाने तसे दोन प्रयत्न आधीच केले होते, आणि दोन्ही फसण्याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत.

पहिल्या प्रयत्नात त्याने बाजारातील एका दुकानात ‘कॅसिओचा अडॅप्टर’ मागितला. आपल्याकडे कॅसिओ हे कंपनीचे नाव राहिलेले नाही. बँडमध्ये, भजनी मंडळात, शाळेच्या स्नेहसंमेलनात जो कोणता कीबोर्ड असेल तो कॅसिओच, मग त्याच्यावर नाव कोणाचेही असो. दुकानदाराने त्याच अर्थाने विचारले, ‘पोरांच्या क्लासचा ना?’, आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर काढून दिला. यामाहाच्या पीएसआर मालिकेतील लहान कीबोर्डांना तसाच अडॅप्टर लागतो. त्याच्या पिनेचा आतला भाग अधिक आणि बाहेरची नळी उणे असते. सीझेड-१०१ ला हवे असते याच्या उलट : ९ व्होल्ट, आत उणे, बाहेर अधिक. म्हणजे व्होल्टही चुकले आणि पोलॅरिटीही चुकली. बरोबर जुळले ते फक्त पिनेचे माप, आणि सर्वांत मोठा धोका त्यातच होता.

दुसऱ्या प्रयत्नात त्याने ‘ओरिजनल कॅसिओ’ असा आग्रह धरून कंपनीचा सध्याचा अडॅप्टर मागवला. तो साडेनऊ व्होल्टचा निघाला, पण त्याची पिन बारीक होती आणि तिची पोलॅरिटी जुन्या अडॅप्टरच्या उलट होती. सीझेड-१०१ च्या काळातला एडी-५ हा अडॅप्टर ९ व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर आणि सेंटर निगेटिव्ह, म्हणजे आत उणे, असा होता. पुढे त्याच कंपनीने आपली पद्धत उलटवली. या पिनेचे आतले छिद्रही लहान असल्याने ती जॅकमध्ये, म्हणजे वाद्यावरच्या खाचेत, बसलीच नाही, म्हणून निदान नुकसान तरी झाले नाही.

तेव्हा तो पहिला, १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि वाद्य घेऊन आमच्याकडे आला. त्याचे पहिले वाक्य होते, ‘आप्पा, पिन ते बरोबर बसस, मंग आखो काय जोयजे?’ ती किती आत घातली होती, असे विचारल्यावर कळले की जॅकच्या तोंडाशीच त्याच्या आईने हात धरला होता. आईचे म्हणणे एवढेच होते : ‘तुना मामा वायर लायाबिगर सेल काढे नही.’

हे वाक्य वादकाने मला जाता जाता, आईच्या भाबडेपणाचा नमुना म्हणून सांगितले. पण खरी अडचण नेमकी त्यातच होती. सीझेड-१०१ मध्ये विजेरीत घालतात तसले सहा जाड सेल बसतात, आणि यंत्र बंद असतानाही वादकाने साठवलेले आवाज या सेलांच्याच जोरावर टिकून राहतात. सेल संपले, किंवा दुसरा पुरवठा नसताना बाहेर काढले, की ते सोळा आवाज पुसले जातात. मामा वर्षानुवर्षे आधी अडॅप्टर चालू करत आणि मगच सेल बदलत. त्यामुळे सुरतेत घडवलेले आवाज आजवर जिवंत राहिले होते. आता अडॅप्टर नव्हता आणि आतले सेल शेवटच्या घटका मोजत होते. यंत्र चालू केल्यावर पडद्यावरची अक्षरे फिकट दिसत होती.

अशा बहुतेक जॅकची रचनाही इथे विरोधात जाते. पिन पूर्ण आत गेली की जॅकमधील एक पत्ती बाजूला सरकते आणि सेलांचा पुरवठा तोडते, म्हणजे अडॅप्टर आणि सेल एकमेकांवर चालू नयेत. याचा अर्थ असा की भिंतीवरचे बटण बंद असताना किंवा वीज गेलेली असताना योग्य अडॅप्टरची पिन जरी आत ढकलली, तरी स्मृतीला दोन्हीकडून वीज मिळत नाही. आईने हात धरला तेव्हा गावात वीज नव्हती, हे नंतर बोलता बोलता समजले.

पहिला निर्णय : आधी काय मोजायचे

वाद्याच्या मागे जॅकशेजारी पोलॅरिटीचे चिन्ह छापलेले असते : मध्ये ठिपका, भोवती अर्धवर्तुळ आणि दोहोंपासून निघालेल्या रेघांना अधिक व उणे. इथे ते पुसून पुसून अर्धे उडाले होते. ठिपका दिसत होता, पण त्याच्याकडे जाणारी रेघ कोणत्या बाजूची हे सांगता येत नव्हते. मला एडी-५ ची पोलॅरिटी माहीत होती. तरीही चाळीस वर्षांच्या वाद्यात मधल्या काळात कोणी जॅक बदलला असल्यास ती माहिती उपयोगाची ठरली नसती. ऑर्केस्ट्राच्या वाद्यांत असे जॅक बदललेले असणे मुळीच दुर्मीळ नाही.

मोजण्याचा एक सोपा मार्ग उपलब्ध होता. पिन घातलेली नसताना जॅकमधील ती पत्ती सेलांना जोडलेली असते. त्यामुळे सेलांचेच व्होल्टेज जॅकच्या आत मिळते आणि मल्टिमीटरचे चिन्ह पोलॅरिटी सांगून टाकते. धोका असा की मल्टिमीटरच्या टोकाने मधली पिन आणि बाजूची पत्ती यांना एकाच वेळी स्पर्श झाला, तर सेल शॉर्ट होतात, व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि आवाज जातात. सेल काढून, जॅक उघडून आरामात तपासणे ही दुरुस्तीची नेहमीची रीत, पण तीच इथे वर्ज्य होती.

शेवटी मल्टिमीटरच्या लाल टोकावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी) नळी चढवून सुमारे दोन मिलिमीटर धातूच उघडा ठेवला. काळे टोक मी मगर-चिमट्यात धरून जॅकच्या बाहेरच्या पत्तीला लावले आणि लाल टोक हात टेबलावर टेकवून मधल्या पिनेला लावले. आकडा आला उणे ७.३. लाल टोक मध्ये असून आकडा उणे, म्हणजे मध्ये उणे, हे नक्की झाले. सहा सेलांत ७.३ व्होल्ट म्हणजे प्रत्येकी सव्वा व्होल्टच्याही खाली, म्हणजे वेळ फार नाही, हेही त्याच आकड्याने सांगितले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जुना एडी-५ परदेशातून मागवण्याचा होता. जुन्या वाद्यांच्या शौकिनांना हाच मार्ग शुद्ध वाटतो. मला तो तितकासा पटत नाही. ते अडॅप्टर ट्रान्सफॉर्मरचे असत आणि ज्या देशात विकले गेले त्या देशाच्या व्होल्टेजसाठी बांधलेले असत. अमेरिकेतला १२० व्होल्टचा किंवा जपानमधला १०० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर तो काही मिनिटांत जळतो. २२० व्होल्टचा मिळाला तरी त्यातील कपॅसिटर वाद्याइतकेच म्हातारे. शिवाय अकरा दिवसांत तो पोचेल याची खात्री नव्हती.

दुसरा पर्याय म्हणजे बाजारात सहज मिळणारा, ३ ते १२ व्होल्टपर्यंत खटका सरकवण्याचा आणि पिन उलटसुलट लावता येण्याचा अडॅप्टर. तो हाताशी होता आणि स्वस्तही होता. पण त्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग नसतो. ९ वर खटका ठेवून मोकळा मोजला तर तो १३ च्या पुढे दाखवतो, भार पडल्यावर खाली येतो. उलट गावातले व्होल्टेज पडले की तोही पडतो. वादकाने सांगितल्यावरून त्याच्या घरी संध्याकाळी मोजून घेतले, तर आकडा आला १७८. पूर्ण भारावर ९ व्होल्ट देणारा साधा ट्रान्सफॉर्मर अशा वेळी सातच व्होल्ट देईल. त्यातही खटका धक्क्याने १२ वर सरकू शकतो, ही भीती वेगळीच.

तिसरा पर्याय माझ्या आवडीचा होता, म्हणून त्याच्याबद्दल जरा अधिक लिहितो. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०९ हा ९ व्होल्ट देणारा रेग्युलेटर, एवढ्यावर चांगला पुरवठा उभा राहतो आणि त्यात हल्लीच्या हलक्या, स्विचिंग अडॅप्टरांची किरकिर अजिबात नसते. २३० व्होल्टवर कपॅसिटरवर सुमारे साडेपंधरा व्होल्ट साठतात, रेग्युलेटर त्यातले ९ देतो आणि उरलेले उष्णतेत घालवतो. ॲल्युमिनियमचा तुकडा लावला की काम भागते. पण १७८ व्होल्टवर गणित बदलते. ट्रान्सफॉर्मर सव्वानऊच्या आसपास देईल, कपॅसिटरवर पावणेबारा साठतील, आणि साधारण ४०० मिलिअँपिअर भार ओढल्यावर दोन लाटांच्या मधे हे व्होल्टेज दहाच्याही खाली घसरेल. ७८०९ ला आत किमान ११ लागतात. म्हणजे नेमक्या कार्यक्रमाच्या वेळी १०० हर्ट्झची गुणगुण सनईच्या खाली ऐकू आली असती. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊन हे टाळता येते, पण मग पहाटे व्होल्टेज चढल्यावर उष्णता वाढते. आवड बाजूला ठेवून हा पर्याय सोडला.

चौथा पर्याय गिटारच्या इफेक्ट पेडलसाठी मिळणाऱ्या अडॅप्टरचा होता. पेडलच्या दुनियेत ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह आणि हीच पिन असा जवळजवळ सर्वमान्य प्रघात आहे, आणि या वाद्याला तेच हवे होते. फक्त त्यांतले बरेचसे अडॅप्टर कमी अँपिअरचे असतात, म्हणून एक अँपिअर किंवा अधिकचा पाहून घ्यावा लागतो. जळगावात त्या आठवड्यात तो मिळाला नाही.

पाचवा पर्याय म्हणजे १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, राउटरसाठी विकला जाणारा ९ व्होल्टचा स्विचिंग अडॅप्टर घेऊन त्याची पोलॅरिटी उलटवणे. व्होल्टेज १७८ असो वा २४०, तो ९ च देतो.

येथे वादकाच्या एका शंकेची नोंद करतो, कारण ती पुष्कळांना असते. जुन्या अडॅप्टरवर ८५० मिलिअँपिअर लिहिलेले असताना दोन अँपिअरचा लावला तर वाद्य जळणार नाही का? नाही. विहिरीत पाणी जास्त आहे म्हणून मोटर जास्त पाणी ओढत नाही. वाद्य आपल्या गरजेपुरतेच अँपिअर घेते. व्होल्ट मात्र पुरवठा ठरवतो, म्हणून तिथे सूट नाही. आणखी एक गोष्ट लेबलावर पाहावी लागते : काही जुन्या वाद्यांना अडॅप्टरमधून डीसी नव्हे तर एसीच लागतो. अलेसिसचे एसआर-१६ हे रिदम मशीन ९ व्होल्ट एसीवर चालते. आकडा तोच, पिनही सारखी दिसणारी, पण वीज वेगळी.

दुसरा निर्णय : अडॅप्टर आधी की आवाज आधी

वादकाचा कल राउटरचा अडॅप्टर त्याच दिवशी उलटवून लावण्याकडे होता. माझा विरोध अडॅप्टरला नव्हता, क्रमाला होता. हाताने उलटवलेला, कधी न चाचपलेला अडॅप्टर पहिल्यांदा लावायचा, तोही ज्याच्या स्मृतीची दुसरी प्रत कुठेच नाही अशा वाद्याला, हे मला मान्य नव्हते. त्यातून त्या क्षणी वीज गेली तर?

दुसरी प्रत करण्याचे तीन मार्ग होते. आरए-३ हे या वाद्याचे स्मृती-कार्ट्रिज सोळा आवाज साठवते, पण ते हाताशी नव्हते. मिडीमार्गे, म्हणजे वाद्य आणि संगणक यांना जोडणाऱ्या केबलीतून, संगणकावर उतरवणे शक्य होते. तिसरा मार्ग वहीचा. वहीचा मार्ग ऐकायला सोपा वाटतो; प्रत्यक्षात प्रत्येक आवाजात दोन ओळी, प्रत्येक ओळीत तीन एन्व्हलप (आवाजाच्या चढउताराचे आराखडे), प्रत्येक एन्व्हलपला आठ टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला दोन आकडे, म्हणजे एका आवाजाचे ९६ आकडे आणि सोळांचे १,५३६, शिवाय लहरीचा प्रकार, सूर, कंप यांच्या मांडण्या वेगळ्या. हे वाचण्यासाठी यंत्र तासन्तास चालू ठेवावे लागणार आणि ७.३ व्होल्टचे सेल तेवढा वेळ तग धरणार नव्हते. निदान ‘रोट’ आणि ‘पावरी’ हे दोन तरी आत्ताच लिहून घेऊ, असे वादक म्हणाला. मी नको म्हणालो. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते, याची कबुली पुढे दिली आहे.

केलेली कृती

पहिले पाऊल अडॅप्टरचे नव्हे, सेलांच्या डब्याचे टाकले. सहा जाड सेलांचा डबा, त्याला दीड फूट वायर आणि टोकाला सेंटर निगेटिव्ह पद्धतीने डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली पिन. त्याला वीज जाण्याची भीती नाही आणि किरकिरही नाही. नव्या सेलांचे मिळून ९.६ व्होल्ट होतात आणि सहा सेलांवर चालायला बांधलेल्या वाद्याला ते चालतात. अधिक (+) बाजूच्या वायरमध्ये मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावला. जुने रेडिओ मेकॅनिक भिंतीच्या विजेवर शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून रेडिओ तपासत, त्याचीच ही लहान आवृत्ती. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि पाऊण अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही. सर्व ठीक असेल तर बंद यंत्राची स्मृती इतकी कमी वीज घेते की बल्ब असल्याचे तिला जाणवतही नाही.

पिनेवर मल्टिमीटर लावला, लाल टोक आत : उणे ९.६. यंत्र बंद होते. पिन सरळ धरून एका दमात, न डगमगता आत ढकलली. बल्ब लागला नाही. दोघेही त्या बल्बकडेच पाहत होतो. मग बल्बच्या दोन्ही टोकांवर चिमट्याची वायर लावून तो मार्गातून काढला आणि यंत्र चालू केले. पडद्यावरची अक्षरे काळीभोर उमटली. वादकाने साठवलेल्या आवाजांचे बटण दाबले, पट्टीवरच्या यादीत चौथा असलेला आवाज निवडला आणि एकच सूर धरला. ‘रोट’ होता.

त्यानंतर डबा लागलेला असतानाच आतले जुने सेल काढून नवे घातले. जुन्यांपैकी एकाच्या बुडाला पांढरी बुरशी धरू लागली होती; आणखी एक पावसाळा गेला असता तर पत्ती खाल्ली गेली असती.

आता घाई उरली नाही. वादक आणि त्याची बहीण दोन संध्याकाळी वहीत आकडे उतरवत बसले, तो वाचायचा आणि ती लिहायची. सोळापैकी पाच आवाज कारखान्याचेच नमुने होते, म्हणून अकराच लिहावे लागले. मिडीचा पहिला प्रयत्न फसला : स्वस्त यूएसबी-मिडी केबल सुटे सूर नीट पोचवत होती, पण आवाजाची माहिती असलेला लांब संदेश मधेच तोडत होती. धुळ्यात अहिराणी गाण्यांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका स्टुडिओने आपला चांगला मिडी इंटरफेस दोन तासांसाठी दिला आणि सोळाही आवाज संगणकावर उतरले. येणारी आणि जाणारी अशा दोन्ही मिडी केबली जोडाव्या लागल्या, कारण हे वाद्य संगणकाने मागितल्याखेरीज आवाज देत नाही.

अडॅप्टरचे काम त्यानंतर हाती घेतले. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून ९ व्होल्ट, २ अँपिअरचा राउटरचा अडॅप्टर आणला, वायर पिनेपासून चार बोटांवर कापली, दोन्ही तारा उलटून जोडल्या, डाग देऊन प्रत्येकीवर वेगळी आणि दोघींवर मिळून एक अशी हीट श्रिंक नळी चढवली. पिनेवर उणे ९.१ मिळाले. आधी दहा ओहमच्या जाड रेझिस्टरवर अर्धा तास चालवून पाहिला. अडॅप्टर कोमट झाला, व्होल्टेज हलले नाही. मगच तो वाद्याला लावला. वाद्याने अर्ध्या अँपिअरच्या आतच वीज ओढली.

दोन तक्रारी राहिल्या. हेडफोनमध्ये अगदी बारीक शिट्टी ऐकू येत होती; वायरवर फेराइटचे कडे चढवल्यावर ती कमी झाली, गेली नाही. दुसरी म्हणजे दोन पिनांच्या स्विचिंग अडॅप्टरमुळे आउटपुटच्या धातूला बोट लावल्यास झिणझिण्या येत. वाद्य अर्थिंग असलेल्या मिक्सरला जोडले की त्या थांबत. म्हणून आधी मिक्सरची केबल आणि मग अडॅप्टर, असा क्रम वादकाला लिहून दिला.

निष्पत्ती

रविवारी रात्री गावातले व्होल्टेज १८० च्या आसपास होते, मधे एकदा जनरेटरवर जावे लागले. त्या आठ-दहा सेकंदांत वाद्य मुके झाले, पण आवाज शाबूत राहिले. अडॅप्टरची वीज गेली तरी पिन आत असल्याने सेल तुटलेले असणार, हे माहीत असल्यामुळे वादकाने वीज जाताच पिन उपसली होती. त्याची ती सवय आम्ही दुकानात दहा वेळा करून घेतली होती. पिन उपसेपर्यंतच्या क्षणात आतल्या कपॅसिटरांनी स्मृती सांभाळली, हे नशीब. सोमवारच्या मिरवणुकीत अडॅप्टर वापरलाच नाही. वाद्य पट्ट्याने गळ्यात आणि आतल्या सेलांवर चालले.

नुकसान झाले ते वेगळ्याच वस्तूचे. दिवाळीच्या सुमारास वादकाच्या घरचा राउटर बंद पडला. घरातल्या कोणीतरी अडॅप्टर खराब झाला असे समजून पेटीतला ‘राउटरचाच’ अडॅप्टर लावला. त्याच्या लेबलावर अजूनही आत अधिक असेच छापलेले होते, आम्ही आतून ते उलटवले होते. राउटर कायमचा गेला.

काय वेगळे करता आले असते

राउटरचे नुकसान माझ्या खाती जाते. अडॅप्टर उलटवताना मूळ लेबल खरवडून काढायला हवे होते आणि वायरला जाड अक्षरांची पट्टी बांधायला हवी होती. त्याहून चांगले म्हणजे वायर कापायचीच नव्हती. पोलॅरिटी उलटवणारी वीतभर वायर वेगळी करून ती वाद्याच्या पिशवीला शिवून टाकली असती, तर अडॅप्टर राउटरचा राहिला असता आणि वाद्याचेही काम भागले असते. पुढे पेडलचा एक अँपिअरचा सेंटर निगेटिव्ह अडॅप्टर मागवला. आता तोच वापरात आहे. त्यात शिट्टीही नाही. अकरा दिवसांऐवजी महिनाभर हाताशी असता तर सुरुवातीपासून हाच निवडला असता.

दोन आवाज आधी वहीत उतरवावेत हा वादकाचा आग्रह मी मोडून काढला. तो निर्णय निभावला, पण त्याला मी निर्विवाद म्हणणार नाही. सेलांच्या डब्याची पिन घालताना पत्ती कशी सरकेल याचा माझा अंदाज चुकला असता, तर सोळाही गेले असते आणि ‘रोट’चे ९६ आकडे तरी असते, असे आम्ही दोघांनीही आयुष्यभर म्हटले असते. दहा मिनिटांत एक आवाज लिहून होतो, हे मला नंतर वही पाहताना कळले. मी तेव्हा सोळांचा हिशेब करून बसलो होतो, एकाचा केलाच नाही.

आणि आईला पहिल्याच दिवशी बोलवायला हवे होते. अडॅप्टर कसा होता, हे तिला पुढे विचारले तेव्हा तिने हाताने वजन करून दाखवले, ‘असा जड, गरम व्हायचा, दादा उशाशी ठेवायचा नाही’. जड आणि गरम होणारा म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, हे एका वाक्यात कळले असते.

नव्या सेलांची तारीख तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली लिहून ठेवली आहे.